चष्मेकाकांच्या जागेतली गाडी

चष्मेकाकांनी उभं आयुष्य दुकानात बसून लोकांना 'आता कसं दिसतंय? आणि आता?' असं विचारण्यात घालवलं. दुकान बंद केलं आणि त्यांच्याच नजरेच्या ऐन मधोमध एक करडा डाग येऊन बसला. बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, याला चष्मा नाही. हेच वाक्य काकांनी स्वतः काही गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, त्यामुळे त्यावर वाद घालायला जागा नव्हती. आता ते समोरचा माणूस कानांवरून ओळखत. चेहऱ्याच्या ठिकाणी डाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान, एवढंच माणसाचं शिल्लक राहायचं.

गाडी अर्थातच विकावी लागली. राहिली ती गाडीची जागा. इमारतीच्या पुढच्या अंगणात, कुंपणाला लागून, रस्त्यापलीकडच्या इस्पितळाच्या खिडक्यांसमोर. फरशीवर पांढऱ्या रंगात काकांच्या घराचा नंबर होता. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, घरात माणूस एक आणि बाहेर जागा केवढी. पण काकूंना जाऊन बराच काळ लोटला होता आणि घरात टोमणे मारायलाही कुणी उरलं नव्हतं.

काकांचा जीव त्या जागेत अडकला होता तो लेकीपायी. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पूर्वी कधी ये म्हटलं की ती म्हणायची, "बाबा, यायला काही नाही हो, गाडी कुठे लावायची हाच प्रश्न असतो." एकदा तर इमारतीला चार घिरट्या घालून ती तशीच परत गेली होती. त्यामुळे स्वतःची गाडी गेल्याचं दुःख बाजूला सारून काकांनी तिला मोठ्या हौसेनं फोन केला होता की आता जागा रिकामी, कधीही ये. "वा, मग आता काहीच अडचण नाही," लेक म्हणाली होती. त्यानंतर ती आली नव्हती.

पण अडचण निघाली. इमारतीच्या समितीचा नियम असा की जी जागा रिकामी पडून राहील ती रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायची. पुढचा माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या आणि तिसरीचा विचार होता. काकांनी सेक्रेटरींना सांगून पाहिलं की जागा लेकीसाठी ठेवलीय. सेक्रेटरी मायाळू माणूस. ते म्हणाले, "काका, जागा गाडीसाठी असते, वाट बघण्यासाठी नसते." महिनाअखेर पाहणी करू, गाडी दिसली तर ठीक, असं ठरलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी काका हात जोडायच्याच तयारीनं खाली उतरले, तर त्यांच्या जागेत एक गडद निळी गाडी उभी.

आधी काकांना वाटलं, डागानं आता रंग बदलला. त्यांनी हात लावून पाहिलं. पत्रा खरा होता. संताप असा चढला की कान गरम झाले. रिकामी तर रिकामी, पण जागा त्यांची होती. ते तरातरा रखवालदाराकडे निघाले, तेवढ्यात सेक्रेटरींचे ओळखीचे, पाळीला केस असलेले कान पुढे आले.

"अभिनंदन, काका! बोलला नाहीत ते! लेकीनं ठेवली वाटतं?"

तक्रार काकांच्या जिभेच्या टोकापर्यंत आली होती. ती त्यांनी तिथेच अडवली. "तसंच काहीसं," ते म्हणाले. आयुष्यभर लोकांना आहे तसं दाखवणाऱ्या माणसाचं हे पहिलंच खोटं, आणि ते इतकं सोपं निघालं याचंच त्यांना वाईट वाटलं.

संध्याकाळी गाडी जाईल असं त्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रखवालदारानं डोकं खाजवत विचारलं, गाडी आपलीच ना? तो त्या वेळी चहाला गेला होता, त्यामुळे गाडी कुणी आणली हे न विचारण्यातच त्याचंही भलं होतं. काकांनी त्याला सांगून ठेवलं की आपलीच, कुणी विचारलं तर तसंच सांग.

मग हळूहळू काका त्या गाडीचे झाले. सकाळी बादली घेऊन ते तिला पुसत, काचा मात्र अंदाजानं. दातांचे डॉक्टर जाता-येता म्हणत, काका, नुसतीच धुता, लेक ती फिरवत नाही कधी. काका म्हणत, नवीन आहे, जरा रुळू दे. मनातून त्यांना धाकधूक होती. कुणी भला माणूस परगावी गेला असेल आणि एक दिवस येऊन गाडी घेऊन जाईल. तो दिवस जितका लांबेल तितका बरा.

एका रविवारी लेकीचा फोन आला. ती त्या बाजूला कुणाकडे तरी आली होती. "डोकावते म्हणते. जागा आहे ना रिकामी?"

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं. गडद निळा टप उन्हात चमकत होता, काकांनीच पुसलेला. दुसऱ्याची गाडी आहे म्हणावं, तर लेक पुन्हा घिरट्या घालून परत जाईल आणि या खेपेला कायमची. आणि गाडी लेकीचीच म्हणून अख्ख्या इमारतीला सांगून झालेलं.

"आज मी घरी नाही," काकांनी घरच्या फोनवरून सांगितलं.

"बरं," लेक म्हणाली. तिनंही काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक बाई आल्या. काका बादली घेऊन उभेच होते आणि सेक्रेटरी शेजारी उभे राहून, न विचारता, टायरमधली हवा बघत होते. बाईंच्या हातात चावी होती. ही गाडी आमची वाटतेय, असं त्या चाचरत म्हणाल्या. नंबर विचारला तर तो त्यांच्या मिस्टरांनाच पाठ होता, आणि कागद गाडीतच होते. त्यांनी चावीचं बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. गाडीनं डोळासुद्धा मिचकावला नाही.

"बघा," सेक्रेटरी समजुतीनं म्हणाले, "अशा रंगाच्या पुष्कळ असतात. ही आमच्या काकांची."

बाई ओशाळल्या. म्हणाल्या, माफ करा, हल्ली मला सगळ्याच गाड्या तशा दिसतात. आणि खरोखरच वळून फाटकाकडे चालायला लागल्या. काकांना फक्त गप्प राहायचं होतं. त्यांनी तसा प्रयत्नही केला. पण ती पावलं अशी काही फरफटत निघाली होती की काकांना दुकानातले ते लोक आठवले, ज्यांना 'याला चष्मा नाही' सांगितलं की ते आभार मानून निघायचे.

"ताई, थांबा," ते म्हणाले. "बॅटरी उतरली असेल. चावी दारात घालून फिरवा."

दार उघडलं. सेक्रेटरींनी टायरवरचा हात काढून घेतला.

गॅरेजवाला येईपर्यंत बाई कुंपणाच्या कठड्यावर बसल्या. मिस्टर समोरच्या इस्पितळात साधं दाखवायला म्हणून एकटेच आले होते. तिथे गाडीला जागा मिळाली नाही, म्हणून इथे लावली असणार. वर गेले आणि काउंटरपाशीच कोसळले. वाचा गेली.

"मी त्यांना विचारत राहायचे, गाडी कुठे आहे हो? परस्पर विकली की काय म्हणून चिडलेसुद्धा. ते आपले खिडकीकडे बोट दाखवायचे. मला वाटायचं, ऊन लागतंय. मी पडदा ओढून घ्यायचे. आज राहिलेले पैसे भरायला वर गेले, तेव्हा त्या खिडकीतून खाली पाहिलं."

काकांनी वर पाहिलं. खिडक्यांच्या ओळीच्या मधोमध डाग होता.

"इथे येऊन तुम्ही कधी विचारलं होतंत?" त्यांनी विचारलं, खरं तर उत्तर नको होतं तरी.

"एकदा फाटकावर विचारलं ना. रखवालदार म्हणाला, बाहेरची गाडी आत एकही नाही."

"त्याला तसं मी सांगितलं होतं," काका म्हणाले. "ही जागा जाऊ नये म्हणून."

बाई रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"तेव्हा ते होते अजून," त्या एवढंच म्हणाल्या.

गॅरेजवाल्यानं तारा जोडून गाडी सुरू केली आणि तोच ती चालवत घेऊन गेला. बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं की नाही, हे काकांना कळायला मार्ग नव्हता. सेक्रेटरी दोनदा खाकरले आणि म्हणाले की त्यांना व्यक्तिशः फार वाईट वाटतंय, पण दातांच्या डॉक्टरांची नवी गाडी संध्याकाळीच येतेय.

काका वर गेले आणि त्यांनी लेकीला फोन लावला. सांगितलं की आज जागा रिकामी आहे. संध्याकाळपर्यंत.

"आज कसं जमेल, बाबा? आणि संध्याकाळनंतर?"

"नंतर नाही. गेली जागा."

"अरेरे," लेक म्हणाली. "मग आता कसं यायचं?"

तिला वाईट वाटलंच होतं, त्यात खोट नव्हती. पण त्या आवाजाच्या तळाशी एक हलकेपणा होता. तो काकांच्या ओळखीचा होता. चष्मा लागेल या धास्तीनं आलेल्या माणसाला 'गरज नाही' म्हटलं की त्याचा आवाज असाच व्हायचा. "बघू," काका म्हणाले, "फोन आहेच की." तिनं लगेच हो म्हटलं.

संध्याकाळी ते खाली जाऊन जागेच्या कडेला उभे राहिले. डॉक्टरांची गाडी आली. नवी होती, मोठी होती, आणि डॉक्टरांना ती उलटी घालायची सवय नव्हती. काच खाली करून त्यांनी संकोचानं विचारलं की मागे किती आहे, काका, जरा बघता का.

काकांना मागची कुंपणाची भिंत दिसत नव्हती. त्यांनी एक हात भिंतीला टेकवला आणि दुसरा हवेत हलवला.

"येऊ द्या," ते म्हणाले. "पुष्कळ जागा आहे."