यादीतलं अकरावं नाव

ताईचा पारा चढला की शिलाई मशीनसुद्धा दबकून चालतं, असं तिच्या हाताखालच्या चौघी म्हणायच्या. आणि गेले तीन महिने तो उतरलाच नव्हता. उतरेल कसा? धाकटी बहीण नर्स. सलग दोन पाळ्या करून खुर्चीत पाच मिनिटं डोळे मिटले, कुणीतरी फोटो काढला, आणि संध्याकाळच्या बातम्यांत त्या टायवाल्या निवेदकाने आठवडाभर 'झोपेत जीव घेणारी' म्हणून तिचा उद्धार केला. पेशंट दगावला तो दुसऱ्याच वॉर्डात! चौकशीत ती निर्दोष सुटली, पण त्याबद्दल चॅनेलवर चकार शब्द नाही. धाकटीने तेव्हापासून आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

चॅनेलला पत्रं लिहून झाली, फोन करून झाले. कुणी भीक घातली नाही. मग ताईने डोकं चालवलं. "त्याचं पोट जाहिरातींवर भरतं ना? मग तिथेच चिमटा काढू."

त्या कार्यक्रमात जाहिराती कुणाकुणाच्या लागतात, ते बायकांनी आळीपाळीने बसून टिपलं. साबण, तेल, चहा, बिस्किटं, अशी दहा नावं निघाली. गिऱ्हाइकांना शिवून दिलेल्या प्रत्येक कपड्याच्या घडीत ती यादी जाऊ लागली. हे घेऊ नका, आणि का घेत नाही ते दुकानदाराला तोंडावर सांगा. महिन्याभरात साबणवाल्याने जाहिरात काढून घेतली. बायकांनी जो काही कल्ला केला म्हणता!

एके दिवशी शर्टाच्या कंपनीचा माणूस गठ्ठे न्यायला आला. ताईकडचं निम्म्याहून जास्त काम त्याच कंपनीचं. टेबलावरची यादी वाचून तो गालातल्या गालात हसला.

"ताई, तुम्ही पण पक्क्या हं. आमची जाहिरात रोज लागते तिथे, पण आमचं नाव बरोब्बर गाळलंत."

ताईचं तोंड एवढंसं झालं. गाळलं होतं खरं. "आपल्या कंपनीचं लिहू का?" असं काजं करणारीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "राहू दे गं, चुली पेटायला हव्यात ना," म्हणून ताईनेच तिला गप्प केलं होतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. केस विस्कटलेले, पाय अनवाणी, अशी धाकटी बाहेर आली. परक्या माणसासमोर तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"ताई, माझ्यासाठी भांडतेस ना? मग सोयीसोयीने नको भांडूस. नाहीतर फाडून टाक ती यादी."

ताईला रडूच कोसळायचं बाकी होतं, पण तिने आधी मागे वळून पाहिलं. चार घरांच्या पोटापाण्याचा प्रश्न, एकटीने कसं ठरवायचं? काजं करणारीने सुई कापडात खोचून ठेवली. "लिही गं बिनधास्त. शर्ट नाही तर उशांचे अभ्रे शिवू." दोघींनी लगेच माना डोलावल्या. चौथीने जरा वेळ घेतला, पण "लिहा" म्हणाली.

ताईने अकरावं नाव ठसठशीत लिहिलं आणि कागद त्या माणसाच्या हातात कोंबला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उद्यापासून एक गठ्ठा यायचा नाही. आणि एवढ्याने काय चॅनेल बंद पडणार आहे?"

"नसेल पडणार," ताई म्हणाली. "माझ्या बहिणीची अब्रू वेशीवर टांगली ती तुमच्या पैशावर. आणि तुमचा पैसा आला आम्ही शिवलेल्या शर्टांतून. म्हणजे इतके दिवस हिची बदनामी आम्हीच शिवत होतो. आता नाही शिवणार!"