सुपडू आबांच्या घरची चौथी फेरी

सरकारी पाहणीला कुणी शिरा खाऊ घालत नाही. लोक दारातूनच 'आमचं आधार झालंय' म्हणून कटवतात, नाहीतर भुंकणाऱ्या कुत्र्याला आवरत नाहीत. त्यामुळे पहूरला सुपडू आबांच्या घरी पहिल्याच भेटीत काजू घातलेला शिरा पुढ्यात आला, तेव्हाच शिल्पाला शंका यायला हवी होती. आली नाही. जळगावहून एसटीत उभी राहून आलेली, पोटात कावळे ओरडत होते. तिनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि टॅब उघडला.

काम सोपं होतं, म्हणजे प्रशिक्षणात तरी तसं सांगितलं होतं. नेमून दिलेल्या घरांत महिन्यामहिन्यानं चार फेऱ्या मारायच्या आणि त्याच माणसांना तेच विचारायचं: गेल्या आठवड्यात काय काम केलंत? कुणाची नोकरी सुटली, कुणाला लागली, कोण घरी बसलं, हे त्यातून दिल्लीला कळतं. दिल्लीला कळावं म्हणून चपला शिल्पाच्या झिजतात, ते दिल्लीला कळत नाही.

आबांनी मुलाची माहिती छाती फुगवून दिली. तेजस, जळगावच्या चटईच्या कंपनीत सुपरवायझर.

"लेखी करार आहे?"

"हाये ना, पक्का."

"पगारी रजा? पीएफ?"

"बठ्ठं हाये, समदं. लिवा, परमनंट."

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. असा माणूस भेटला म्हणून शिल्पा खूश होऊन परत गेली.

दुसऱ्या महिन्यात आबा बाजाराला गेले होते आणि सुगंधाबाई, त्यांची बायको, कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या. त्यांना बिचारीला कुणी पढवून ठेवलं नव्हतं. "तेजस ना? केळीच्या गाड्या भराले जातो. कंपनीनं दिवाळीतच काढलं त्याले." म्हणजे पहिली माहितीसुद्धा थापच होती. शिल्पानं आजची नोंद इमानदारीत केली. पगारदाराचा मजूर झाला.

तिसऱ्या महिन्यात आबा घरी. मुलगा पुन्हा कंपनीत, पुन्हा परमनंट, आणि वर बढतीसुद्धा.

"आबा, मागच्या वेळी अक्का म्हणाल्या की तो केळीच्या गाड्या भरतो."

"तिले काय समजते?"

"मग गाड्या कोण भरतं?"

आबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, आता लपवू नका. तुमाले धुळ्याच्या पाहुण्यांनीच पाठवलं ना? मी पहिल्याच दिवशी वळखलं व्हतं."

आत्ता शिल्पाला शिऱ्याचा उलगडा झाला. सोयरीक जुळवायच्या आधी मुलीकडचे कुणाला तरी गुपचूप पाठवून मुलाची चौकशी करतात, ही इकडची जुनीच रीत. पूर्वी एखादा लांबचा मामा यायचा, पाणी मागायच्या निमित्तानं. आबांना वाटलं, आता टॅबवाली बाई पाठवतात. आणि तिचे प्रश्न तरी काय वेगळे होते? नोकरी पक्की का, रजा मिळते का, पीएफ कापतात का. मुलीच्या बापाला याहून जास्त काय विचारायचं असतं?

तिनं कपाळावर हात मारला. ओळखपत्र दाखवलं, तर "कार्ड काय, कोनीबी छापते." मग घसा बसेपर्यंत समजावलं. ही सरकारची पाहणी आहे, पाहुण्यांची नाही. इथलं नाव, इथली माहिती कुण्णाकुण्णाला कळत नाही. शेवटी कुठं आबांना पटलं, पण मुलाचा जबाब काही त्यांनी बदलला नाही; तोच तिला भरावा लागला. पटलं तेच वाईट झालं.

तिकडं जळगावच्या ऑफिसात अभिमन साहेबांनी तिन्ही महिन्यांची माहिती शेजारीशेजारी लावली होती. "मॅडम, हा मुलगा परमनंट होता, मग मजूर झाला, आता याला बढती? घरी बसून भरता काय?" शिल्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगणार काय? मुलाचं लग्न ठरायचंय म्हणून आकडे चुकलेत?

चौथ्या फेरीला ती तणतणतच पहूरला उतरली. आज तेजसला समोर बसवायचं आणि त्याच्याच तोंडून ऐकायचं, असं ठरवून. तर ओट्यावर खाटेवर पाहुणे बसलेले. धुळ्याचे अमृत नाना, खुद्द मुलीचे वडील.

"या मॅडम, या," आबा लगबगीनं उठले. "नाना, ह्या दिल्लीच्या सरकारच्या. आमच्या तेजसची नोंद घ्याले दर महिन्याले येतात. माझ्यावर इस्वास नसंन तर त्याहिले इचारा. सरकारात लिवलेलं हाये."

नानांनी शिल्पाकडं पाहिलं. "मॅडम, पोऱ्या परमनंट शे का?"

आबा तिच्याकडं पाहत होते, देवाकडं पाहावं तसं. दाराआड सुगंधाबाईंनी पदर तोंडावर धरला होता. शिल्पाला वाटलं, टॅब इथंच टाकावा आणि पहिली गाडी पकडावी. हो म्हणावं तर एका मुलीला फसवल्यासारखं. नाही म्हणावं तर या घराची लाज आपल्याच हातानं वेशीवर टांगायची. आणि यातलं काहीही सांगायची तिला परवानगीच नव्हती.

"नाना, घरातली माहिती मला कुणालाही सांगता येत नाही."

नाना काही दूधखुळे नव्हते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

तेवढ्यात तेजस आला. गाडी भरून थेट आलेला, शर्टभर केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं आणि त्याला समजलं. "नाना, त्यांना कशाला विचारता, मला विचारा. कंपनीनं काढलं. केळीच्या गाड्या भरतो. काम रोज असतं."

नाना वाईट बोलले नाहीत. "काम वाईट नही शे, बेटा. पन मनी पोरले परमनंटच पायजे." उठले, आबांना हात जोडले, कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. तेजस हातपाय धुवायला मागं गेला.

आबा खाटेवर टेकले. "येक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं, मॅडम?"

आता मात्र शिल्पाचा तोल गेला. "मी बोलायचं? दोन-दोनदा तुम्ही मला खोटं सांगितलंत. तिकडं साहेबांची बोलणी मी खाते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना खरं सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का?"

"खरं सांगतलं असतं तर नाना या ओट्यावर चढले असते का?"

तिनं उगाच टॅबची काच ओढणीनं पुसली.

"तुमी तरी परमनंट हाये का?" आबांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, साधंच विचारलं.

"नाही. कंत्राटावर आहे."

"आन लगनाच्या वक्ताले काय सांगतलं व्हतं?"

जे सांगितलं होतं, सासरी अजून तेच माहीत होतं.

"सरकारी नोकरी," ती म्हणाली.

आबा हसले नाहीत. सरकून त्यांनी तिला खाटेवर जागा करून दिली. "बसा," म्हणाले, "आन इचारा, काय इचारायचं ते."