काठोकाठ

वाडग्यातलं मांस चाटूनपुसून गेलं होतं आणि तळाशी गोळी तेवढी उरली होती — पांढरी, अख्खी, जरा ओलसर. मस्तुराने ती दोन बोटांत धरून उन्हाकडे केली. काय नाक म्हणायचं या मेल्याचं! खिम्यात इतकी खोल दडवली, तरी बरोबर वगळून बाकीचं खाल्लं... आणि आता तंदूरमागे बसून माझ्याकडे बघतोय, मीच चोर असल्यासारखा.

बोका थंडीत आला होता. मर्गिलानच्या बाजाराकडून कुठून तरी, अर्धा कान गमावून, भिंतीवरून या अंगणात उतरला आणि तंदूरच्या उबेला राहिला. हात लावू द्यायचा नाही. तिनेही लावला नाही, खोक्यात जुनी रजई मात्र घातली. कुणावर विश्वास न ठेवणारं आणखी एक जण घरात आलं, याचं तिला बरंच वाटलं होतं. मग त्याचा जबडा सुजला, पू वाहू लागला. ढोरांचा डॉक्टर लांबूनच बघून म्हणाला, "रोज गोळी पोटात गेली तर वाचेल, आजी. खाडा केलात तर पू रक्तात उतरेल."

"जावईबापूंचं जेवण झालं का, ओयीजान?" स्वयंपाकघराच्या दारातून मुअत्तरने, सुनेने, बोक्याकडे बघत विचारलं. "आम्हाला नाही हो कधी असा खिमा मिळाला सासूच्या हातचा."

"तुझं तोंड सुजू दे, मग बघू."

सून हसली, माच्यावर चहा ठेवून गेली. पियाला काठोकाठ भरलेला.

आजही! मानाच्या माणसाला घोटभर ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा उठून, वाकून ओतता येतं; भरलेला पियाला पुढे आला की समजायचं — प्या आणि निघा. हे मुअत्तरला ठाऊक नाही? लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातचा चहा पियाल्याचा तळ झाकेल इतकाच असायचा. आणि हिवाळा सरल्यापासून हे असं. मस्तुरा बोलली नव्हती; बोलून कबूल कशाला करायचं, की लागलं? पण मनात एकेक जुळत होतं — माझा शेरझोद परदेशातून, कझानहून फोनवर म्हणतो, "आई, एवढं घर तुला झेपतं का?", मी जवळ गेले की सून फोन घेऊन अंगणापलीकडे... काढतायत मला, हळूहळू. काढा. मीही बघते.

आणि त्या हृदयाच्या गोळ्या! नवरा तसल्याच गोळ्या खात खात गेला, आणि वर डॉक्टरने तिलाही लिहून दिल्या. मुअत्तर समोर उभी राहून द्यायची. मस्तुरा गोळी जिभेखाली धरायची, पाणी प्यायची आणि सून वळली की द्राक्षवेलीच्या मुळाशी थुंकायची. एकदा सुनेने पाहिलं. भांडली नाही, दुसऱ्या दिवसापासून गोळीचं नावच काढलं नाही तिने. सुटले एकदाची! आणि बघा, तेव्हापासून दम लागत नाही, छाती धडधडत नाही. गोळ्या सोडल्या म्हणूनच ना...

तिने बोक्याची गोळी कुटली, चुरा थोड्या शोरब्यात कालवला, वाडगा सरकवून मागे झाली. बोका आला, हुंगलं, मान झटकून परतला. तिने बोट बुडवून चाखलं — कडूजहर. आणखी शोरबा ओतला. पुन्हा नाही. हट्टी मेला, माझ्यावर गेलाय. ती ओतत राहिली, चाखत राहिली, कडूपणा मरेपर्यंत, वाडगा काठापर्यंत भरेपर्यंत — आणि पळी तिच्या हातात तशीच राहिली.

बोका लपालपा पीत होता.

घोटभरात लपत नाही गोळी. भरपूर लागतं... कधीपासून? हिवाळा सरल्यापासून. मला काय बोका समजली ही! — तिच्या कानशिलांत संतापाची कळ उठली. आणि औषधच कशावरून? पण मग दम का लागत नाही? आणि रोज एवढा भरला पियाला सासूपुढे ठेवताना, सासू काय समजेल हे माहीत असून, ही हसते कशी?

मुअत्तर दारात आली होती. हात पुसत होती, पण बघत होती फक्त पियाल्याकडे — आत्ता मी वाडग्याकडे बघत होते, तशीच.

"निवतोय चहा, ओयीजान."

"कडू असतो तुझा चहा."

सुनेचे हात थांबले. "हिरवा चहा कडूच असतो की."

"फार उकळतेस."

"बरं. कमी उकळेन."

मस्तुराने पियाला उचलला. वेलीच्या मुळाशी ओतावा, की तिच्याच हातात देऊन म्हणावं — तू पी आधी? विचारलं तर ती कबूल करेल, उद्या गोळी तळहातावर ठेवेल, आणि मी थुंकेन... थुंकेनच, मला मी माहीत आहे. तोंडाशी नेलेला पियाला तिथेच राहिला. मुअत्तरच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. हे आधी कधी पाहिलं नव्हतं. ही थकली तर? उद्या हात टेकून, सासूचा मान राखून, हिने घोटभरच चहा ओतला तर — आणि मस्तुराला त्या घोटभर चहाचीच भीती वाटू लागली.