खोटं बोलणारा दिवा

माझा भाऊ इल्पो फोनवर कधीच "कशी आहेस" असं विचारत नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळीही नाही विचारलं. "हेल्का, दिवा लागलाय," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. मी बुटांत पाय घातले, हत्यारांची पेटी सायकलच्या मागे बांधली आणि निघाले. कुठला दिवा, हे विचारायची गरज नव्हती. गाडीत असा एकच दिवा असतो की जो लागल्यावर माणूस म्हाताऱ्या बहिणीला फोन करतो. तेलाच्या दाबाचा, लाल.

दुसऱ्या दिवशी मोसमातली शेवटची शर्यत होती. आमच्याकडे मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्या पळवतात, आणि त्याला 'कोणाही माणसाची शर्यत' म्हणतात. ती खरंच कोणाचीही असते. डुकरं पाळणारा उतरतो, शाळेतली बाई उतरते, एका वर्षी आमचा पाद्रीसुद्धा उतरला होता आणि त्याने ज्या शिव्या दिल्या त्या अजून लोक आठवतात. पैसेवाल्याने भारी गाडी आणून सगळ्यांना धूळ चारू नये म्हणून एक नियम आहे. शर्यत संपली की शर्यतीचा परवाना असलेला दुसरा कुणीही तुमची गाडी मागू शकतो. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, आधीपासून ठरलेली, आणि जीव ओतून गाडी बनवणाऱ्याला रडू येईल इतकी कमी. ज्याला गाडी हवी त्याने पेटीत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्या जास्त झाल्या तर सोडत. मालकाला नाही म्हणायची सोय नाही. म्हटलं की परवाना जप्त. नियम चांगला आहे. आमची गाडी जोरात पळायला लागेपर्यंत मलाही तो फार आवडायचा.

आमची म्हणजे इल्पोची. पण इंजिन आम्ही दोघांनी उभं केलं होतं, दोन हिवाळे खपून. त्याआधी आम्ही बोलत नव्हतो. वडील गेल्यावर इल्पोने त्यांचं जंगल मला न विचारता तोडायला दिलं. एकाच रस्त्यावर राहून वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांच्या दारावरून मान वळवून जात होतो. मग एका नोव्हेंबरात तो ट्रेलरवर एक उघडलेलं इंजिन घालून माझ्या अंगणात आला. मी जन्मभर बस डेपोत इंजिनं उघडली आणि बांधली आहेत. बेअरिंगं कशी बसवायची ते मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. "वेळ आहे का?" त्याने विचारलं. माफीबिफी काही नाही. आमच्याकडे माफी अशीच मागतात. काहीतरी मोडकं घेऊन येतात.

तेव्हापासून दर बुधवारी मी त्याच्या शेडमध्ये जायला लागले. बोलणं फारसं व्हायचं नाही. पाना दे, दिवा धर, कॉफी ओत. पण खरं सांगते, त्या थंडगार शेडमध्ये ग्रीस लावलेल्या हातांनी मी जितकी सुखात होते तितकी घरात कधी नव्हते. आणि गाडी गेली की बुधवारही जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं. इल्पोला कामाशिवाय माणसाजवळ बसताच येत नाही. आईच्या आजारपणातही तो तिच्या खोलीतली खिडकी दुरुस्त करत बसायचा.

तर मी पोचले तेव्हा इल्पो गाडीशेजारी असा उभा होता की जणू आत कुणी आजारी आहे. मी आधी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. पातळी बरोबर. तेल बोटांवर चोळलं, वास घेतला. पेट्रोल मिसळलेलं नव्हतं, पातळही झालं नव्हतं. मग इंजिनावरच्या दाबाच्या स्विचची वायर काढली, तर दिवा विझला. म्हणजे वायर कुठे घासून बॉडीला लागलेली नव्हती. आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर दाब खरंच पडलाय, म्हणजे पंप तरी गेला किंवा बेअरिंगं तरी झिजली. नाही तर दाब बरोबर आहे आणि तो अंगठ्याएवढा स्विच खोटं बोलतोय.

मी स्विच काढला आणि त्याच्या जागी माझा दाबाचा मीटर बसवला. इंजिन चालू करून आम्ही ते गरम व्हायची वाट पाहत बसलो. थंड इंजिन सगळं छानच दाखवतं. तब्येत विचारायची ती गरम झाल्यावर. इल्पो नखं कुरतडत होता. मी त्याच्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायचे तशी. इंजिन तापलं, पण काटा जिथे हवा तिथेच ठाण मांडून बसला. वेग वाढवला तर आणखी वर चढला. बेअरिंगं मी बसवली होती, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही, पण जिवात जीव आला हे कबूल करायला हवं.

"स्विच मेलाय," मी म्हणाले. "इंजिन तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे. माझ्या पेटीत नवा स्विच आहे, लावते."

"थांब," इल्पो म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं, जुना स्विच हातात घेतला आणि बोटांत फिरवला. "उद्या हाच राहू दे."

मला एकदम कळलं. शर्यतीला राउनो येणार होता. शेजारच्या गावात त्याचं भंगाराचं आवार आहे, शर्यतीचा परवानाही आहे, आणि चांगलं इंजिन त्याला आवाजावरून कळतं. दर वेळी तो हात पाठीमागे बांधून सगळ्यांच्या गाड्यांत डोकावत फिरतो, कोंबड्या विकत घ्यायला आलेल्या माणसासारखा. मागच्या वेळी तो आमच्या गाडीशी नको तितका वेळ उभा होता.

"लाल दिवा जळताना पाहिला की कोण चिठ्ठी टाकणार?" इल्पो म्हणाला.

"आणि तेल खरंच गेलं तर? तुला कोण सांगणार?"

"तू आहेस की."

"मी कुंपणापाशी असणार आहे, मूर्खा, तुझ्या बॉनेटखाली नाही."

तो हसला. तो क्वचित हसतो, आणि हसला की अगदी शाळेतला इल्पो दिसतो. मी मेलेला स्विच परत जागेवर लावला. मला बुधवार हवे होते, दुसरं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरवल्यासारखं झालं. राउनो सकाळीच आला, खिडकीतून आत वाकला, इंजिन चालू असताना लाल दिवा पाहिला आणि हळूच शीळ घातली. अंत्यविधीची फुलं कुठल्या पत्त्यावर पाठवू, असं त्याने इल्पोला विचारलं. इल्पोने आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही, पण चेहरा असा पाडला की मला कॉफीचा ठसका लागला. बातमी सगळीकडे पसरली. लोक येऊन सांत्वन करून जात होते. एकाने तर मोहरीची चटणी लावलेलं सॉसेज आणून दिलं. शर्यत दिवसभरात थांबून थांबून तीन फेऱ्यांत होते. इल्पोने पहिली फेरी मारली, दुसरीत तर पहिला आला, आणि लोक म्हणाले की मरता मरता काय पळतेय बघा.

दुसऱ्या फेरीनंतर मी खिडकीशी गेले. तो दिवा सारखा डोळ्यांत खुपत नाही का, मी सहज विचारलं.

"कुठला दिवा?" इल्पो म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. अर्ध्या दिवसात त्याला तो दिसेनासा झाला होता. डेपोत मी अशी इंजिनं उघडलेली आहेत. दिवा खराब आहे, लक्ष देऊ नका, असं कुणीतरी कुणाला सांगितलेलं असायचं, आणि आत लोखंड लोखंडाला जळून चिकटलेलं. शिवाय सवय म्हणजे काय ते आम्हा दोघांना कुणी शिकवायला नको होतं. वर्षानुवर्षं मी त्याच्या दारावरून जात होते. सुरुवातीला छातीत दुखायचं. मग दुखायचं थांबलं, आणि मी समजले होते की बरं झालं.

इल्पो कॉफीच्या रांगेत गेला तेवढ्यात मी नवा स्विच बसवला. इंजिन चालू केलं आणि दिवा विझला, जसा विझायला हवा तसा. तो परत आला तेव्हा मी काही लपवलं नाही.

"स्विच बदललाय. आता दिवा लागला तर तो खरा समज."

त्याने आजूबाजूला पाहिलं. राउनो दोन गाड्यांपलीकडे उभा होता. "गाडी जावी असं वाटतंय का तुला?" इल्पोने हळू आवाजात विचारलं.

मला फार लागलं ते. गाडी जाऊ नये म्हणून माझा जीव किती तुटतोय, हे त्याला सांगायचं होतं, पण आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही. इंजिन आपल्या खोटेपणापायी जळलेलं मला बघवणार नाही, एवढंच मी म्हणाले. त्याने हेल्मेट घातलं आणि माझ्याकडे न बघता गेला.

शेवटच्या फेरीत तो सुरुवातीपासून पुढे होता. मी कुंपणाला धरून उभी होते आणि इंजिनाचा आवाज ऐकत होते. वळणावर मागच्याने त्याला धक्का दिला, गाडी कडेच्या दगडांवर चढली, खालचा संरक्षक पत्रा खणखणत उडाला आणि ती परत ट्रॅकवर आली. पुढच्या लांब वळणावर इंजिनाचा आवाज एकदम थांबला. गाडी घरंगळत गवतात जाऊन उभी राहिली. मागे मातीत एक काळी रेघ होती. सगळ्या गाड्या त्याला ओलांडून गेल्या.

फेरी संपल्यावर मी धावत गेले. माझ्या वयाला शोभणार नाही अशी धावले. तेलाच्या चेंबरला बोटभर चीर पडली होती.

"किती वेळ चालली दिवा लागल्यावर?" मी विचारलं.

"अजिबात नाही. लागला आणि मी चावी फिरवली." त्याने हेल्मेट काढलं. "मला वाटलंच नाही की तो खोटा असेल."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा लक्षात आलं की राउनो पाठीमागे येऊन उभा आहे. तो गुडघ्यांवर बसला, चिरेतून ठिबकणारं तेल बोटावर घेतलं आणि उजेडाकडे धरून चोळलं. धातूचा एक कणही चमकला नाही, म्हणजे आत काहीच झिजलेलं नव्हतं.

"सकाळी दिवा जळत होता," तो म्हणाला. "या फेरीआधी विझला होता. मी बघितलं. सकाळचा खोटा आणि आत्ताचा खरा. बरोबर ना, हेल्का?"

इल्पो माझ्याकडे बघत होता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. इंजिन आठवडाभर कुरकुरतंय, बेअरिंगं संपलीत, असं मी म्हटलं असतं तर राउनोने मान्य केलं असतं. तीस वर्षं डेपोत काढलेल्या बाईचा शब्द या भागात कुणी मोडत नाही. पण त्याच शब्दावर विश्वास ठेवून आत्ताच एका माणसाने हातातली शर्यत सोडून दिली होती.

"बरोबर," मी म्हणाले.

पेटीत आमच्या गाडीसाठी एकच चिठ्ठी निघाली. सोडतीचा प्रश्नच आला नाही. इल्पोने कागदावर सही केली आणि राउनोचा हात हातात घेतला. इंजिन कुणी बांधलं, असं राउनोने विचारलं. "आम्ही," इल्पो म्हणाला. राउनोने टोपीला हात लावला आणि गाडी स्वतःच्या ट्रेलरवर चढवली.

आम्ही परत निघालो. रिकामा ट्रेलर प्रत्येक खड्ड्यात खडखडत होता. वाटेत कापणी झालेली शेतं होती आणि ऊन उतरत होतं. मी मनात म्हणत होते की हेल्का, तूच हाताने केलंस, आता भोग. बुधवारी संध्याकाळी काय करायचं याचा विचार करत होते, आणि रेडिओ ऐकण्याच्या पुढे काही सुचत नव्हतं.

माझ्या घराकडचं वळण आलं. इल्पोने वेग कमी केला नाही.

"माझं घर मागे राहिलं," मी म्हणाले.

"दिसलं मला."

त्याने त्याच्या शेडसमोर गाडी थांबवली आणि दारं उघडली. मधली जागा रिकामी होती, जमिनीवर फक्त तेलाचा जुना डाग. त्याने भिंतीजवळची दोन स्टुलं आणून बरोबर त्या डागाशेजारी मांडली, कॉफी चढवली आणि हातांना काहीतरी काम शोधायला लागला. पाना उचलला, परत ठेवला. चिंधी घेतली, तीही टाकली.

आता काय बांधायचं, मी विचारलं. कुणाच्या गोठ्यामागे एखाद्या जुन्या गाडीचा सांगाडा पडलेला असेल.

"काही नाही," तो म्हणाला. "बस."

मी बसले. त्याने दोन कप भरले आणि माझ्यासमोर बसला, हात रिकामे, नुसते गुडघ्यांवर ठेवलेले. मी साठी ओलांडली, पण माझा भाऊ असा बसलेला मी पहिल्यांदा पाहत होते. कॉफी निवायला लागली तरी त्याने ती तोंडाला लावली नव्हती.

"त्या जंगलाचं," तो शेवटी म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. "हवं होतं."

मग आम्ही कॉफी प्यायलो.