एका लग्नाला लागणारा वेळ

दक्षाने दोन्हीकडे एकदमच एंटर दाबलं. उजव्या हाताने पप्पांच्या डेस्कटॉपवर, डाव्या हाताने आपल्या लॅपटॉपवर. दोन्ही पडद्यांवर हिरवी पट्टी उमटली आणि सरकू लागली.

लग्न एकच होतं. तलासरीकडच्या तुक्याच्या मुलीचं, रखमीचं. दोन तास दहा मिनिटांची फिल्म. कापणं, जोडणं, गाणी बसवणं, सगळं पप्पांनी, नविनभाऊंनी, जाण्याआधी करून ठेवलं होतं. उरलं होतं फक्त रेंडर, म्हणजे सगळे तुकडे एकजीव करून अखंड फिल्म बाहेर काढणं. ते कुठल्याही एका मशीनवर झालं असतं. दक्षाने मुद्दाम दोन्हींवर लावलं.

दुकानाच्या प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडचं शिलाईमशीन थांबलं.

"दोन-दोन कशाला ग? जुळ्यांचं लग्न हाय का?"

"बघायचंय मावशी, कोण आधी पोचतं."

"नवाच पोचेल की. त्यात बघायचं काय!" म्हणत पुष्पामावशीने पुन्हा मशीन सुरू केलं.

दक्षाही तेच धरून चालली होती. डेस्कटॉपमधला प्रोसेसर आय-फाइव्ह, दोन हजार चौदाचा. तिचा आय-सेव्हन, गेल्या दिवाळीतला. त्याच दिवाळीआधी पप्पा फोनवर म्हणाले होते, "आपला डबा थकला आता. एका लग्नाला आख्खी रात्र खातो. मग दुकानातच पडतो मी."

"थांबा, तुम्हाला लॅपटॉप घेऊन देते. घरी बसून करा काम."

लॅपटॉप तिने घेतला, पण पुण्यात, स्वतःसाठी. पप्पांचा पुढच्या वर्षावर गेला.

मार्चमध्ये एका सकाळी पुष्पामावशीला शेजारचं शटर अर्धवट वर दिसलं. आत नविनभाऊ खुर्चीत होते, मान एका बाजूला. आशागडच्या घरी असते तर भिंतीपलीकडे काका होते. हाक ऐकू गेली असती. हे दक्षाला कुणीही बोलून दाखवलं नव्हतं. दोन महिने ती स्वतःच स्वतःला ऐकवत होती. आज तिला नेमका आकडा हवा होता. आपल्या लॅपटॉपने पप्पांची किती रात्र वाचली असती?

पहिल्या सहा मिनिटांत डेस्कटॉप आठ टक्क्यांवर होता, लॅपटॉप तेरावर. तिने कागदावर तेरा लिहिलं आणि खाली रेघ ओढली. पेन्सिलचं टोक मोडलं.

मग लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. बाहेर मे महिना होता. पत्र्याखाली हवा हलत नव्हती. तिने लॅपटॉपखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. त्या चपट्या अंगात वारा खेळायला जागा नव्हती. तापला तसा तो स्वतःला आवरू लागला, जपून चालू लागला. डेस्कटॉपची एक बाजू पप्पांनी कधीच उघडी करून ठेवली होती आणि टेबलफॅनचं तोंड तिच्याकडे वळवलं होतं. तो घरघरत, एका चालीने जात राहिला.

चाळीस टक्क्यांना त्याने लॅपटॉपला गाठलं.

दक्षा उठली. पुष्पामावशीकडून दोऱ्याची दोन रिकामी रिळं आणून तिने लॅपटॉपखाली सारली, टेबलफॅन थोडा त्याच्याकडेही फिरवला.

"हरतोय वाटतं तुझा?" मावशीने डोकावून दोन्हींवरचे पाच आणि सातचे स्टिकर वाचले. "पाचवीतल्याने सातवीतल्याला लोळवलं म्हण की."

दक्षा हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिचा गाल ओढल्यासारखा झाला.

एक तास बारा मिनिटांनी डेस्कटॉपवरची पट्टी भरली. लॅपटॉप एकसष्टवर होता.

तिने खांदे सैल सोडले. लॅपटॉप दिला असता तरी काही वाचलं नसतं. तिने पेन ड्राइव्ह लावला, रखमीचं लग्न त्यात घातलं आणि वेळ लिहायला कागद पुढे ओढला.

एक तास बारा मिनिटं.

ती लिहायची थांबली. पप्पा तर आख्खी रात्र म्हणाले होते. मग तिने जुन्या लग्नांचा फोल्डर उघडला. प्रत्येक फिल्मपुढे रेंडर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ होती. चिमणचं लग्न, संध्याकाळी पाच दहा ते सहा पंधरा. झाईची हळद, साडेचार ते पाच पन्नास. ती खाली खाली जात राहिली. रात्री आठाच्या पुढे एकही गेली नव्हती.

"मावशी, पप्पांचं काम रात्री कितीपर्यंत चालायचं?"

"काम? मी शटर ओढायच्या आधी आटपलेलं असायचं. मी म्हणायची, नविनभाऊ, सुटा आता घरी. तर म्हणायचे, हा, निघतोच. नि बसून राहायचे असेच." मावशीने कापड फिरवलं. "तुझी आई गेली तेव्हा तू तरी होतीस घरात. मग तू पण..."

तिने दोरा दाताने तोडला.

दक्षाने लॅपटॉपवरचं रेंडर मध्येच थांबवलं. पेन ड्राइव्ह पुष्पामावशीच्या हातात दिला, तुक्या येईल म्हणाली. शटर खाली घेतलं, कुलूप ओढून पाहिलं. रस्त्यावर अजून चांगलं ऊन होतं.

स्टेशनबाहेर आशागडची शेअर रिक्षा उभी होती. मागे पपईचं पोतं घेतलेली एक म्हातारी एकटीच बसली होती.

"या ताई, बसा," रिक्षावाला म्हणाला. "दोघांवरच सोडतो आज. मलाबी घरी लवकर पोचायचंय."

दक्षा म्हातारीच्या बाजूला सरकून बसली. बॅग मांडीवर घेतली. आशागडच्या घराला सकाळी तिनेच कुलूप लावलं होतं.

"भरू दे," ती म्हणाली. "मला घाई नाही."