कमानीवरचा कागद

"दाजी, लाज नाही वाटत?" मी तिकीटखिडकीतूनच ओरडले. "खाटकाच्या दारावर दाफिनाचा फोटो, बेकरीवर दाफिना, बसथांब्यावर दाफिना. आणि जिथं माझी बहीण सव्वीस वर्षं बसली, तिथंच तिला जागा नाही?"

झेको दाजी पडक्या स्नानगृहातल्या गरम खोलीच्या जमिनीखालचा पालापाचोळा काढत होते. विटांच्या बुटक्या खांबांमधून त्यांचं नुसतं टक्कल दिसत होतं.

"नियम आहे, रुस्का," एवढंच म्हणाले.

नियम! रोमन लोकांच्या या स्नानगृहाचं छत गेलं, पाणी गेलं, आंघोळ करणारे तर कधीच गेले. उरला तो दाजींचा नियम. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद गावभर चिकटवतात, चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवा. इथल्या फाटकावरच्या जुन्या कमानीला मात्र मनाई, खळीनं विटा खराब होतात म्हणून. लोक तरीही लावायचेच, आणि दाजी दर सोमवारी पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचे. कुणाची आई, कुणाचं पोर, बघायचे नाहीत. तीस वर्षं हेच. बायका तोंडावर "दगड मेला" म्हणायच्या, आणि दाफिना याच खिडकीत बसून खुदुखुदु हसायची. ती गेली, आता तिच्या खुर्चीत मी बसते.

चाळिसाव्याला दाजींनी चर्चच्या अंगणात तिच्या नावानं उकडलेले गोड गहू वाटले. डोळ्यांत टिपूस नाही. माझं डोकंच फिरलं. तशीच उठले, कमानीपाशी गेले आणि दाफिनाचा नवा कागद चिकटवला. चांगली भरपूर खळ थापली. म्हटलं, बघू आता काय करतात.

सोमवारी दाजी आले. कागदासमोर उभे राहिले. पट्टी खिशातच राहिली. मग झाडू उचलून आत गेले. जिंकले, असं मला वाटलं.

दुपारी पुरातत्त्व कार्यालयातले साहेब आले.

"झेको, हे काय? इतकी वर्षं लोकांचे काढलेस, आणि आता बायकोचा ठेवायचा? काढ. मी थांबतो."

मी धावत बाहेर आले. "साहेब, मी लावलाय! मीच काढते."

"राहू दे, रुस्का," दाजी म्हणाले. आवाज जराही चढला नाही. "म्हणून लावत नव्हतो गं. लावला असता तर काढायला मीच होतो ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करून बसले होते मी!

दाजींनी पट्टी बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात घातली. पिशवीतून चहाचा थर्मास काढला. कोमट चहात रुमाल भिजवला आणि कागद वरून पुसायला लागले. आधी कपाळ, मग डोळे. शेवटच्या आजारपणात तिचं तोंड असंच पुसायचे. कागद हळूहळू सुटत आला. पण खळ मी थापलेली, हनुवटी काही निघेना.

"झालं का?" साहेबांनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

"जरा थांबा, साहेब," दाजी म्हणाले. "अजून ओली व्हायचीय."

त्यांनी रुमाल पुन्हा भिजवला आणि तिच्या हनुवटीवर धरून उभे राहिले.