पाचवं काडतूस

सोल्वे टॉरगर्सन सहा वर्षांची होईपर्यंत बॉब हा आपला काका आहे असं समजत होती. घरात रोज त्याचं नाव निघायचं. बॉबला थंडी सोसत नाही, बॉबला जड चालत नाही, यंदा बॉबने दोन हरणं पाडली. नाताळच्या जेवणाला मात्र बॉब कधीच यायचा नाही, म्हणून तिने एकदा आईला विचारलं की आपलं त्यांच्याशी काही बिनसलंय का. आईने तिला तळघरात नेऊन बॉब दाखवला. ते काडतूस होतं.

त्याचं पूर्ण नाव पॉइंट टू फिफ्टी सेव्हन रॉबर्ट्स. रॉबर्ट्सचा बॉब झाला. माँटानातल्या आमच्या कोपऱ्यात एकेकाळी तो घरोघरी होता. मग जास्त मोठा आवाज करणारी काडतुसं आली आणि माणसांच्या बाबतीत होतं तेच त्याचंही झालं. आता दुकानात बॉब मागितला तर विक्रेता आडनाव विचारतो. ज्याला हवा त्याने घरी भरायचा. झाडलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसवायचा, पोटात तोलून दारू घालायची आणि तोंडात गोळी बसवायची. ऐकायला लोणचं भरण्याइतकं सोपं आहे. फरक इतकाच की लोणचं बिघडलं तर ते चेहऱ्यावर उडत नाही.

सोल्वेचे वडील आयव्हर टॉरगर्सन यांनी आमच्या हायस्कुलात गणित शिकवलं आणि निम्म्या गावाला नापास केलं. त्यात मीही आलो. त्यामुळे माझे केस पिकले तरी मी त्यांना सरच म्हणतो. ऐंशी ओलांडलेले सर तळघरातल्या टेबलाशी बसून बॉब भरत, आणि बाकीचे भरणारे अडलं की त्यांच्याकडे येत. बायको गेल्यावर त्यांनी टीव्ही देऊन टाकला, गाडी मुलीला दिली, कुत्रा मेल्यावर दुसरा आणला नाही. टेबल राहिलं.

गेल्या वसंतात सोल्वे त्यांचे धुतलेले कपडे घेऊन तळघरात उतरली आणि पायरीवरच थांबली. टेबलावर दारूचे दोन डबे होते. दोन्ही उघडे.

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. आमच्याकडे मात्र हे कोणी चर्चमध्ये चड्डीवर आल्यापेक्षा वाईट. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा नियम मुलं चालायला लागण्याआधी शिकतात. दारूच्या दोन जाती दिसायला सारख्याच असतात, पण एकीचं माप दुसरीला लावलं तर रायफलची नळी मागून बंद करणारा बोल्ट मागे, म्हणजे आपल्या डोळ्याच्या दिशेने निघतो. सोल्वे गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन भुकट्यांमुळे काय होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने दोन्ही डबे बंद केले, तळघराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

त्यानंतर बापलेकीत उन्हाळाभर जे बोलणं झालं ते त्यांच्या नॉर्वेजियन पूर्वजांच्या पद्धतीचं होतं. म्हणजे झालंच नाही. सप्टेंबरात सरांनी मला मध्ये घातलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "पाच काडतुसं भरतो. एकट्याने. शंभर यार्डांवर झाडतो. पाचही भोकं पंचवीस सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली तर किल्ली माझी. नाही गेली तर ती म्हणेल ते."

ही अट कोणत्याही डॉक्टरने मान्य केली नसती. सोल्वेने ती मान्य केली, फक्त भरताना मी तिथे बसावं असं सांगितलं.

"मी काय करायचं?" मी विचारलं.

"बघायचं. हात लावायचा नाही. आणि बाबाला विनोद सांगायचे नाहीत."

ठरलेल्या सकाळी मी एका उलट्या बादलीवर बसून पाहिलं. सरांचा हात कापतो. कॉफी निम्मी बशीत जाते. पण तराजूशी बसल्यावर तो हात कोणा दुसऱ्याचा झाला. काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या जरा वर. त्याचाही दहावा भाग. सर चिमटीत दारू घेऊन बोट बोटावर घासत आणि एकेक कण पारड्यात पडे. काटा रेषेवर आला की ते श्वास सोडत. मला माझाही श्वास अडकल्याचं तेव्हा कळे.

पाचही पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या राहिल्या. आता गोळ्या बसवण्याआधी शेवटचं काम, प्रत्येकीच्या तोंडात टॉर्च मारून दारूची पातळी बघणं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तेवढ्यात वरून सोल्वेची हाक आली.

"बाबा, कॉफी आत्ता की नंतर?"

"नंतर."

मग त्यांनी पाचवीत टॉर्च मारला. मला दुसरं काही काम नसल्यामुळे मी ते नीट पाहिलं.

दुपारी आम्ही गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. तिथे डेल्बर्ट कूगल आधीच खुर्ची टाकून बसला होता. हा सरांचा शाळेपासूनचा दोस्त. आयुष्यभर दुकानातली काडतुसं वापरली आणि घरी भरणाऱ्यांना स्वयंपाकी म्हणत आला.

"काय आचारी, आज काय शिजवलंय?"

"तुला पचणार नाही," सर म्हणाले.

त्यांनी वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली. निशाणाच्या कागदापर्यंत वाटेत रोवलेल्या काठ्यांवरच्या रिबिनी फडफडत होत्या. ते बघत बसले. रिबिनी थकून खाली आल्या तेव्हा त्यांनी चाप ओढला.

डेल्बर्ट दुर्बिणीला डोळा लावून होता. "लागली. मध्याच्या जरा वर. वाईट नाही."

आमच्याकडे याहून मोठी स्तुती लग्नातसुद्धा करत नाहीत.

नळी निवेपर्यंत सोल्वेने सगळ्यांना लिंबाच्या वड्या दिल्या. मग दुसरी गोळी.

"कागदच चुकला," डेल्बर्ट म्हणाला. "आयव्हर, गोळी कुठे नेलीस?"

"नीट बघ."

"बघतोय. एकच भोक आहे. म्हणून म्हणतो, चष्मा बदल."

"चष्मा तू बदल."

मी दुर्बीण घेतली. भोक एकच होतं, पण मघाशी ते गोल होतं आणि आता त्याची एक कड जराशी बाहेर आली होती. पोळीचा पापुद्रा सुटावा तशी. डेल्बर्टने दुर्बीण माझ्या हातातून ओढून पुन्हा पाहिलं, आणि रुमाल काढून आपला चष्मा पुसला.

तिसरी. भोक किंचित रुंदावलं. चौथी. आता त्याला तीन पाकळ्यांच्या पानासारखा आकार आला होता, आणि ते पान सोल्वेच्या करंगळीच्या नखाएवढंही नसेल. शंभर यार्डांवरून, गावाने कधीच सोडून दिलेलं काडतूस, कॉफीचा कप न पेलणारा हात, आणि चार गोळ्या एकाच दाराने गेल्या होत्या. सोल्वेने दुर्बिणीतून पाहिलं आणि डोळा काढायला वेळ लावला.

"बाबा," ती म्हणाली, आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

राहिली एक. नाण्याखाली ती झाकायला इतकी जागा होती की मीसुद्धा झाकली असती. डेल्बर्ट सोल्वेच्या पर्सकडे बघून म्हणाला, "सोल्वे, किल्ली काढून ठेव आत्ताच."

सरांनी पाचवं काडतूस डबीतून उचललं. बोटांत फिरवलं. कानाशी हलवलं. मग ते टेबलावर ठेवलं आणि रायफलचा बोल्ट उघडाच सोडला.

"काय झालं?" सोल्वेने विचारलं.

"यात टॉर्च मारलेला मला आठवत नाही."

"मारलात सर," मी म्हणालो. "मी पाहिलं. सोल्वेची हाक आली, तुम्ही नंतर म्हणालात, आणि लगेच मारलात."

"तू पाहिलंस."

"हो ना. शपथेवर सांगतो."

"तुझ्या आठवणीवर मी चाप ओढू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात फळ्याशी उभं करून विचारायचे, तसंच विचारलं. "उत्तर बरोबर असेल. पायऱ्या मला आठवत नाहीत."

"अरे आयव्हर," डेल्बर्ट म्हणाला, "चार गेल्या ना? पाचवी काय वेगळ्या आईची आहे? झाड आणि घरी चल."

"तू झाडतोस?"

डेल्बर्टने खुर्ची थोडी मागे घेतली.

सरांनी पेटीतून प्लॅस्टिकचा हातोडा काढला. भरलेलं काडतूस मोकळं करायला तो असतो: काडतूस हातोड्याच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं, की गोळी सुटून येते. चुका परत घेण्याचं असं यंत्र इतर धंद्यांत नाही, हे दुर्दैव. त्यांनी ठोकलं. पहिला ठोका वाकडा बसला. तिसऱ्याला गोळी सुटली. पुंगळीतली दारू त्यांनी कागदी कपात ओतली.

सोल्वेने कप उचलला. "मी दुकानात नेते. आमचा काटा तुझ्याहून बारीक आहे. बरोबर निघाली तर..."

"तर काय? मला अभिमान वाटेल. चुकीची निघाली तर तू रडशील. मला आठवत नाही, ते दोन्हीकडे तसंच राहील."

त्यांनी कप तिच्या हातून घेतला आणि टेबलाशेजारच्या गवतावर झटकला. दारू गवताला खत म्हणून चालते. किती पडली हे न बघता सर वळले.

"अट पाचची होती. मी चार झाडल्या. कुलूप तुझं."

इतके महिने तिला हेच हवं होतं. आता मिळाल्यावर ती तिथेच उभी राहिली आणि कोटाच्या बाहीने नाक पुसलं.

"आमच्या दुकानात," ती शेवटी म्हणाली, "शंका आली म्हणून औषध ओतून टाकणाऱ्याला कोणी कामावरून काढत नाही. जो ओतत नाही, त्याला काढतात."

"मला सूट नको, सोल्वे."

"देत नाहीये. किल्ली माझ्याकडेच राहणार. रविवारी चर्चनंतर मी कुलूप उघडणार. तू भरायचंस, मी शेजारी बसून प्रत्येक पायरी बघायची आणि तोंडाने म्हणायची. मॉर्फिन मोजायला दुकानात आम्ही दोघं लागतो. तुला दोघं लागली तर काही कमीपणा नाही."

सर रिबिनींकडे बघत राहिले. रिबिनी मघाशीच पडल्या होत्या. वाऱ्यासाठी थांबायचं काही कारण नव्हतं.

"विनोद नाही सांगायचे," ते म्हणाले.

"मला येतच नाहीत."

"आणि कॉफी..."

"आधी."

"मग बघू," सर म्हणाले, आणि रायफल खोळीत घालायला लागले. खोळीची चेन त्यांना लागेना. सोल्वेने लावली नाही. ती लागेपर्यंत थांबली.

दोघं गाडीकडे गेली. सरांनी कागद जवळून पाहिलासुद्धा नाही. तो काढून आणायला मी आणि डेल्बर्ट चालत गेलो. डेल्बर्टने पिना काढल्या, कागद डोळ्यासमोर धरला आणि त्या एका भोकातून पलीकडे पाहिलं. पलीकडे डोंगर होते आणि माथ्यावर यंदाचा पहिला बर्फ. मग त्याने कागद घडी न घालता, दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि काही सांडू नये अशा बेताने परत निघाला.